दिवसा सांगितलेली गोष्ट

दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो. आमच्या पठारावर हे कुणी कुणाला शिकवत न्हाई, आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं. दिवस मावळला, दिवा लागला, की मंग सांगा काय सांगायची ती राजाची, राणीची, कोल्ह्याची. उजेडी तोंड उघडलं, की कुठंतरी कुणाच्यातरी मामाचा पाय भलत्या वाटेला पडलाच म्हणून समजायचं. तुमी हसाल. हसा बापडं. तुमचा मामा आगगाडीनं येतो, त्याला कशाची आली वाट चुकायला. आमचे मामा पायी यायचे, घाट चढून, आन त्यांच्या येण्यावर एखाद्या घराचं सालभराचं पोट अडकून असायचं.

ही ठकूची हकिकत हाय. ठकूबाई म्हणजे हौशीरामाची बायको, माझ्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. मी गोजर. मागं ना पुढं कुणी, एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा, म्हणून माझा पाय सदा तिच्याच घरात. लोक म्हणायचे गोजरबाईच्या तोंडाला कुलूप न्हाई. न्हाई तर न्हाई. तोंड दिलंय देवानं ते काय नुसतं भाकर खायाला?

दिल्लीला बादशाचा दरबार भरला आन शाळेत पोरांना बत्तासं वाटलं, त्याच्या पुढल्या सालची गोष्ट. त्या साली मिरगानं नुसतं तोंड दाखवलं आन गेला तो गेलाच. आषाढात आमच्याकडं धुळीचं लोट उठत व्हतं. कडबा सरला, मंग गोठ्याच्या छपराचं जुनं गवत काढून जनावराला घातलं, त्येबी सरलं. बैलाच्या बरगड्या लांबून मोजाव्यात अशी गत झाली. तवा ज्याला त्याला एकच वाट दिसायला लागली, ती म्हणजे जनावरं मावळतीला न्यायची, आंबेगावच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या रानात. तिथं तरी हिरवं व्हतं.

ठकूचा भाऊ कुंडलिक, घाटाखाली बेल्हे हाय, त्याच्या खालच्या वाडीचा. तिच्याहून धाकला. आई-बाप गेल्यापासून ठकूला माहेर म्हणजे त्यो एकटाच. त्यो आला आन म्हणला, "अक्का, माझी जोडी न्हेतोच हाय. तुझीबी न्हेतो. चार बैलं हाकायची काय न् दोन काय."

हौशीराम ओट्यावर बसून दावं वळत व्हता. त्यानं मान वर केली न्हाई. म्हणला, "मेव्हण्याच्या हातात बैलं देऊ नयेत."

"माझा भाऊ हाय त्यो," ठकू म्हणली.

"हाय तर हाय." त्यानं दाव्याला पीळ दिला. "मंग माझंबी ऐकून ठेव. पेरणीच्या आत बैलं माझ्या दारात आली, तर तुझं माहेर तुला. न्हाई आली, तर त्या दाराला तुझा पाय लागायचा न्हाई. म्हातारी हुशील तरी न्हाई."

ह्यो माणूस बोलायचा कमी, पण बोलला की कोरलं. बांधावरनं सख्ख्या चुलत्याशी भांडला, तर चुलत्याच्या मयताला गेला न्हाई. तिरडी दारावरनं गेली आन ह्यो आत बसून जात्याचा खुंटा ठोकत राहिला. ठकूला हे ठाऊक व्हतं. तरी तिनं मोऱ्या आन तांबडा दोघांची दावी सोडून भावाच्या हातात दिली. दोन्ही बैलं तिनं वासरापासनं वाढवलेली. मोऱ्या तर जाताना तिच्याकडं वळून वळून बघत व्हता. ठकू पदर तोंडात धरून उभी राहिली आन मला म्हणली, "गोजरे, आणील ना गं त्यो?"

"आणील न्हाई तर खातो व्हय बैलं?" मी म्हणले. मला तरी दुसरं काय बोलता येणार?

मंग भादवा सरता सरता हत्तीचा पाऊस पडला. आमच्याकडं हस्ताला हत्ती म्हणतात. ढगानं दिवसच दिसू दिला न्हाई, वढ्याला पाणी आलं. खरीप तर कवाच गेलं व्हतं, पण आता शाळूची पेर साधली तर साल निघणार व्हतं. पाऊस उघडला, ऊन पडलं आन वाफसा आला. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आन बोट लावलं तर फुटावा, तवा पेरायचं. पण आमची जमीन हलकी, मुरमाड. दोन-चार दिवस ऊन लागलं की ओल खाली जाती, मंग पेरा न्हाईतर बोंबला.

डोंगराच्या रानातनं जनावरं परत यायला लागली. रोज कुणाचं ना कुणाचं खिल्लार चढ चढून यायचं, पोट भरलेली, कातडी तुकतुकीत. ठकू रस्त्याच्या कडंला जाऊन उभी राहायची. येणाऱ्या परतेकाला विचारायची, "कुंडलिक दिसला का?" भिका कोळप्या म्हणला, "घोडेगावापासनं संगतीलाच व्हता की. नारायणगाव सोडलं आन मागं पडला."

"मागं कशानं पडंल?"

"आता ते मला काय ठावं, बाई."

हौशीराम मागं उभा व्हता. त्यानं ऐकलं. घरी जाऊन पेरायची पाभर काढली आन फणाला नुसताच दगड घासत बसला. ज्यांच्याकडं बैलं व्हती त्यांच्या दारात त्यो गेला न्हाई. मी गेले. मलाच लाज न्हाई ना. "एक दिवस जोडी द्या राव," म्हणून चार दारं फिरले. कुणी वाईट बोललं न्हाई. पण वाफसा सगळ्यांच्याच रानाला आलेला. ज्याचं त्याला पेरायचं. एका घरी तर म्हातारी म्हणली, "ठकूचा भाऊ लई गुणाचा हाय ना, त्यो आणील की." हे मी ठकूला सांगितलं न्हाई.

त्याच दिवसांत गोष्टीवाला मास्तर आला.

त्याचं नाव वजीर. जुन्नरच्या कागदी लोकांतला, बाप-आजा हातानं कागद बनवायचे. ह्यो शिकला, कुठंशी मास्तरकी केली आन पोरांसाठी गोष्टींचं एक बुक लिहून पुण्याला छापून घेतलं. आता गावोगावच्या शाळांत जाऊन पोरांना गोष्टी सांगत फिरत व्हता. माणूस पन्नाशीचा, अंगात विटका कोट, डोईला गोंड्याची लाल टोपी, खांद्याला बुकांची पिशवी. तट्टू बेल्ह्यातच सोडून आला व्हता, वर चारा न्हाई म्हणून. घाट पायी चढल्यानं असा दमला व्हता, की शाळेच्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठलाच न्हाई. मी तांब्या नेला. त्यानं आपली ओंजळ पुढं केली, मी वरनं पाणी ओतलं. तशीच रीत व्हती. ओंजळीतलं पाणी कोपरावरनं कोटात गेलं, पण त्यानं ते पुसलंबी न्हाई.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेली पडवी. तिथली जमीन सारवायचं काम माझ्याकडं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच व्हते. पंतोजींनी पोरं रांगेनं बसवली, संख्या दिसावी म्हणून दोन-तीन पोरीबी आणून बसवल्या. त्यात ठकूची लेक साळू. मास्तर उभा राहिला, घसा खाकरला आन म्हणाला, "एक होता कुंभार. त्याचं एक गाढव होतं."

बास. सगळ्या पोरांनी कानात बोटं घातली.

एका पोराचंबी बोट चुकलं न्हाई. त्या साली कुणाचा मामा वाटंवर नव्हता? पंतोजी चिडले, छडी उगारली. "मूर्खांनो, हात खाली." हात खाली आले, पण मास्तरनं तोंड उघडलं की पुन्हा वर. मास्तर कसनुसा हसला. पंतोजींना म्हणाला, "राहू द्या. माझी अम्मासुद्धा दिवसा गोष्ट सांगायची नाही. पण शाळा तर दिवसाच भरते, मी काय करू?"

एकट्या साळूनं कानात बोटं घातली न्हाईत. पोरीला गोष्टीचा लई नाद. तोंड उघडं टाकून बसली. मास्तरला तेवढी एक ऐकणारी घावली, मंग त्यो तिच्याकडंच बघून सांगत सुटला. कुंभार आजारी पडतो, गाढव एकटंच मडकी घेऊन बाजाराला निघतं, घाटात धुकं येतं आन गाढवाची वाट चुकती. सांगायला वस्ताद माणूस. सारवता सारवता माझाबी हात थांबला, खोटं कशाला बोलू. पण धुक्यात गाढव उभं राहिलं आन मास्तरला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. शेवटी हातानंच खूण केली, बाकीची नंतर.

साळू घरी पळत गेली आन आईला सगळं सांगितलं. ठकू बियाण्याच्या शाळूतले खडे निवडत बसली व्हती. तिच्या मांडीवरनं सूप खाली पडलं.

ती शाळेत आली तवा पोरं गेली व्हती. मास्तर पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून आपल्यापुरता भात शिजवत व्हता. ठकू त्याच्यापुढं उभी राहिली. वरडली न्हाई. तिच्यात वरडायचं बळच उरलं नव्हतं.

"मास्तर, माझा भाऊ बैलं घेऊन वाटंवर हाय," ती म्हणली. "माझ्या पोरीला तुमी दिवसा गोष्ट सांगितली. ती बी वाट चुकल्याची."

मास्तर उठून उभा राहिला. "बाई, भाऊ कधी यायचा होता?"

"कवाच."

"म्हणजे गोष्टीच्या आधीच त्याला उशीर झालाय."

"आधी उशीर झाला आसंल," ठकू म्हणली. "आता वाट चुकला."

मला तवा कळंना, ही गोष्टीला एवढी का धरून बसली. मागनं कळलं. भाऊ वाट चुकला म्हणलं की त्यात त्याचा काय दोष उरत न्हाई. दुसरं जे काय आसंल, त्याच्याकडं तिला बघायचंच नव्हतं.

हौशीरामाला हे कळलं तवा त्यो एवढंच म्हणला, "गोष्टीनं वाट चुकत न्हाई. दानत चुकती. उद्या सकाळी पाभर माझ्या खांद्यावर." आन ठकूकडं बघून म्हणला, "दिवाळीला माहेरची वाट बघू नको."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आमी रानात. जू खांद्यावर घेतलं नवरा-बायकोनं. खांद्याखाली जुन्या लुगड्याची घडी. मी मागं पाभरीवर, एका हातानं दांडी दाबायची आन दुसऱ्या हातानं चाड्यात दाणं सोडायचं. पहिलं तास, म्हंजे पेरणीची रेघ, निघालं, दुसरं निघालं. माणसाच्या बळानं पाभर कुठं वढली जाती? फण जमिनीत घुसला की पुढची दोघं गुडघ्यात वाकायची, मंग एक हिसका, मंग चार पावलं, की पुन्हा थांबायचं. ठकूच्या मानंची शीर अशी फुगलेली, मला बघवंना. बांधावरनं माणसं आपापल्या जोड्या घेऊन जायची आन तोंड फिरवून जायची. तोंड फिरवलं ते बरं, पण एक जण थांबला आन म्हणला, "हौशीराम, जरा उजवीकडनं घे, तास वाकडं जातंय." मी असं काय बोलले त्याला, की ते इथं सांगण्यासारखं न्हाई.

ऊन वर आलं तवा मास्तर आला. पिशवी बांधावर ठेवली, कोट काढून तिच्यावर टाकला, टोपी काढली. डोईवरचं केस सगळं पिकलेलं. ठकूजवळ गेला आन म्हणाला, "बाई, तुम्ही दाणे सोडा. मी धरतो."

हौशीरामानं त्याला पायापासनं डोक्यापातूर बघितलं. "मास्तर, तुमाला झेपायचं न्हाई."

"नाही झेपलं तर सोडून देईन."

"पुढं आणे गावच्या शाळेत जायाचं व्हतं ना तुमाला?"

"शाळा कुठं पळून जात नाही."

त्यानं जू घेतलं. आयुष्यात लेखणीपल्याड काय उचललेलं नसावं. पहिल्याच तासाला पाय मुडपला, तोंडावर पडला. उठला. दुसऱ्या तासाला हौशीराम म्हणला, "मान खाली, जोर खांद्यानं लावा, कमरेनं न्हाई." आन खरंच, मंग जरा जमलं. ठकू चाड्यावर आली, मी मागनं पायानं तास बुजवीत गेले. शाळा सुटल्यावर पोरं बांधावर येऊन बसली. साळू म्हणली, "मास्तर, गाढवाचं पुढं काय झालं?" मास्तर धापा टाकत म्हणाला, "दिवस मावळू दे." ठकूनं वर बघितलं न्हाई, पण तिच्या तोंडावरचं जरा सैल झालं.

दिवस मावळल्यावर त्यानं खरंच बांधावर बसून उरलेली गोष्ट सांगितली. सगळी पोरं कान मोकळं ठेवून ऐकत व्हती. गाढव कसं घरी आलं ते त्यानं सांगितलं खरं, पण दमल्यानं मधी मधी डोळा लागायचा, मंग पोरं त्याला हलवायची. मोठ्या माणसालाबी दया यावी अशी त्याची गत. मी घरून गोडं तेल नेलं. खांदा बघितला तर पाकळीएवढं कातडं निघून वर लाल मास दिसत व्हतं, भवतालनं सूज. "लावा," म्हणून वाटी पुढं सरकवली, आन लावता लावता हौशीरामानं ठकूला माहेराची घातलेली अट त्याला सांगून टाकली.

सकाळी त्यो पुन्हा आला. कण्हत आला, पण आला.

अर्धीअधिक पट्टी झाली व्हती. वरच्या अंगाची ओल उडाल्याचं दिसायला लागलं व्हतं, माती पांढरट पडत व्हती. बियाणं सरत आलं म्हणून हौशीराम घराकडं गेला. आमी तिघं बाभळीच्या सावलीत टेकलो, आन तेवढ्यात खालच्या वाटंनं कुंडलिक आला. पुढं मोऱ्या, मागं तांबडा.

ठकू पळाली. पदर कुठं, पाय कुठं. "आलास का रं," म्हणत मोऱ्याच्या गळ्याला मिठी घातली. आन मोऱ्या झटकन मागं सरला. त्याच्या मानंवरचं कातडं थरथरलं. ठकूनं हात बघितला. हाताला वलं लागलं व्हतं.

खांदा आला व्हता बैलाचा. ताजा. जू घासून घासून सुजलेला, वर रक्ताळलेला. तिनं तांबड्याचा बघितला, त्योबी तसाच. मंग तिची नजर खाली गेली. खुरांत काळी माती वाळून बसली व्हती. आमच्या पठारावर काळी माती औषधालाबी न्हाई. काळी हाय बेल्ह्याच्या खाली, तिच्या बापाच्या रानात.

"अक्का, वाट चुकलो गं," कुंडलिक म्हणला. "घाटात धुकं लई व्हतं."

मास्तरबी उठून जवळ आला व्हता. बैलाच्या खांद्याकडं बघत उभा राहिला आन त्याचा हात आपसूक आपल्या खांद्याकडं गेला. त्याला काय सांगायची गरज पडली न्हाई.

"किती पेरलंस?" ठकूनं विचारलं.

कुंडलिक तांबड्याचं दावं हाताला गुंडाळत राहिला.

"सगळं?"

"खालची पट्टी राह्यली," त्यो म्हणला. "माझी जोडी मेली गं अक्का. एक डोंगरातच पडला, दुसरा येताना. घरी आलो तर रानाला वाफसा. पोरांनी चार म्हैनं कण्या खाल्ल्यात. म्हणलं आधी माझं उरकतो, मंग न्हेतो."

"निरोप तरी धाडायचास."

"धाडला असता तर भाऊजी तिथनं बैलं सोडून घेऊन गेलं असतं."

ते खरं व्हतं. हौशीरामानं तसंच केलं असतं. तिचा खांदा फाटलेला, तळव्याला फोड. इकडं ती स्वतः बैल झाली व्हती आन तिकडं तिचे बैल भावाच्या रानात. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत देती. मी असते तर दिली असती, तीबी चपलेनं. पण तिनं वाटंकडं बघितलं. लांब वढ्याच्या कडंनं हौशीराम येताना दिसत व्हता, डोक्यावर बियाण्याचं गाठोडं.

"जुंप," ती म्हणली.

"अक्का, खांदं आल्यात त्यांचं. दोन दिवस तरी—"

"माझाबी आलाय. जुंप म्हणते ना."

कुंडलिकाला कळंना, पण मला कळलं. खांदा कधी आला हे संध्याकाळी कोण सांगणार? आज जुंपली की आजचाच. तिनं सवताच जू उचललं आन मोऱ्याच्या त्या उघड्या जखमंवर ठेवलं. मोऱ्या वरडला न्हाई, बैल कुठं वरडतो, नुसतं अंग आखडून उभा राहिला. जिनं त्याला वासरू असताना मांडीवर घेतलं, तिनंच हे केलं. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत व्हतं आन हात जुवाच्या खुंट्या, शिवळा, अडकवत व्हतं. मास्तर खाली वाकला, वल्ल्या मातीचा गोळा घेतला आन बैलांच्या खुरांवर थापला, काळ्या मातीवर आमची तांबडी. मी पाभरीवर जाऊन दांडी धरली.

हौशीराम बांधावर आला तवा बैलं अर्धी रेघ वढून गेली व्हती. त्यानं गाठोडं खाली ठेवलं.

"कवा आला ह्यो?" त्यानं ठकूला विचारलं.

"आत्ताच. वाट चुकला व्हता. दिवसा गोष्ट सांगितली ना मास्तरनं."

हौशीराम हसला. बरं हसणं नव्हतं ते. "मी काय ल्हान पोर हाय? नारायणगावपासनं बेल्ह्याची वाट आंधळाबी चालंल. गोष्टीनं चुकतो?"

कुंडलिकाचं तोंड पांढरं पडलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं. आता ह्यो सगळं सांगून मोकळा व्हतोय असं मला वाटलं.

तेवढ्यात मास्तर म्हणाला, "हौशीरामभाऊ, बाई खरं सांगतात."

हौशीराम वळला.

"मला ठाऊक होतं," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज खरखरत व्हता. "आमच्या घरातही एकदा असंच झालंय. दिवसा गोष्ट सांगितली आणि माझा मामू परत यायला लागला तो भलतीकडेच गेला. हे ठाऊक असून मी पोरांपुढं तोंड उघडलं. दोष ह्यांच्या भावाचा नाही, माझा आहे."

आमच्यासारख्या बायकांनी सांगितलं असतं तर हौशीराम थुंकला असता. पण हा बुकं लिहिणारा माणूस, जुन्नरचा, मास्तर.

"तुमच्यावाणी शिकलेला माणूस आपल्या तोंडानं म्हणतो, तर मंग आसंल," त्यो हळूच म्हणला. मंग म्हणला, "दोन दिवस तुमी माझ्या बरोबरीनं जू वढलंत, म्हणून हात जोडून सांगतो. पुन्हा ह्या पठारावर गोष्ट सांगू नका. कुणाच्या पोराला सांगू नका."

"नाही सांगणार," मास्तर म्हणाला.

बांधावर दोघं-तिघं ऐकत उभी व्हती. गावाला कळायला तेवढी पुरं.

हौशीराम कुंडलिकाकडं गेला, त्याच्या हातातला कासरा घेतला. "पावणं, दमला असशील," म्हणला. "घरी जा. तुझ्या बहिणीनं भाकऱ्या ठेवल्यात." मेव्हण्याशी इतक्या मायेनं बोलताना मी त्याला त्याआधी कधी बघितलं नव्हतं. कुंडलिक तिथंच मटकन खाली बसला. हौशीरामाला वाटलं, थकव्यानं.

संध्याकाळी त्यानं बैलांच्या खांद्याला तेल-हळद लावली आन म्हणला, "चार म्हैनं मोकळी चरली, खांदं मऊ पडलं. एका दिवसात बघा काय झालं." ठकू चुलीशी व्हती. तिनं "व्हय" म्हणलं आन भाकर उलटली.

मास्तर उजेड व्हता तवाच निघाला. देवळापातूर मी त्याच्याबरोबर गेले. कोट त्यानं एकाच खांद्यावर टाकला व्हता, दुसऱ्याला सहन होत नव्हता.

"मास्तर, तुमचं नाव गेलं आता," मी म्हणले. "आण्याला जाऊन काय उपेग न्हाई. तुमच्या आधी बातमी पोचंल."

"हो."

"घरी काय सांगाल?"

"सांगेन, घसा बसला." त्यो खाकरला. "बसलाच आहे तसाही."

तरी आण्याला त्यो गेलाच. शाळेत एक पोर आलं न्हाई म्हणतात. आयांनी घरात कोंडून ठेवली. तिथल्या पंतोजींनी त्याला पाणी दिलं आन तिथनंच वाटेला लावलं. पुन्हा पठारावर त्याचं तोंड कुणी बघितलं न्हाई. पुढं कित्येक सालं आमच्याकडं कुणाचा मामा उशिरा आला, की माणसं म्हणायची, त्या लाल टोपीवाल्या मास्तरची करणी. मी ऐकायची. एवढी बोलघेवडी मी, पण तिथं माझी जीभ उचलत नव्हती.

माणसांनी वढलेल्या पट्टीत शाळू बरा उगवला. बैलांनी पेरली ती पट्टी निम्मी वाळली, ओलच निघून गेली व्हती. जेवढं पिकलं त्यावर त्या दोघांनी साल काढलं.

कुंडलिक दुसऱ्या दिवशी निघाला तवा मी दारात भांडी घासत व्हते. त्यो ठकूच्या पायाशी वाकला. "अक्का, मी—"

"काय बोलू नको," ठकू म्हणली. "भाऊबीजेला न्यायला ये."

"येतो."

"उशीर करू नको."

त्यानं उशीर केला न्हाई. त्या साली न्हाई, पुढल्या साली न्हाई, त्यो जिवंत असंपातूर कधीच न्हाई. पाडव्याच्या सकाळी गाडी दारात उभी, पहिल्या साली मागून आणलेली बैलं, पुढं सवताची, त्यांच्या गळ्यात घुंगरं, बहिणीला बसायला गाडीत गोधडी घातलेली. हौशीराम स्वतः पुढं होऊन त्याला गूळ-पाणी द्यायचा. गावातल्या बाया मला म्हणायच्या, गोजरे, भाऊ असावा तर असा, एक साल चुकला न्हाई बघ. मी म्हणायची, व्हय बाई.

आन ठकू गाडीत बसायची. पण भावाच्या शेजारी कधी बसली न्हाई. मागं बसायची, घराकडं तोंड करून, आन माहेर येईपातूर त्याच्याशी एक शब्द बोलायची न्हाई.